पागेतले चौदा जण

"ताई, चौदा मढी उभी करायची आहेत. चार रात्री. जमेल का?"

फोनवरचं पहिलं वाक्य हेच होतं. मी कोल्हापुरात रंगभूषा करते, अकरा वर्षं झाली. लग्नाच्या नवऱ्या सजवल्या, नाटकातले मावळे रंगवले, गॅदरिंगमधल्या पोरांना दाढ्या चिकटवल्या. मढं तोवर एकदाच केलं होतं, तेही खाटेवर पडलेलं, नाकात कापूस घातलेलं. उठून चालणारं मढं मी कधी केलं नव्हतं.

दिग्दर्शक सव्वीस वर्षांचा. मित्रांनी पैसे घातलेले, पंचवीस मिनिटांचा लघुपट, आणि गोष्ट १८५७च्या स्वातंत्र्यसमरातली. झाशीची नव्हे, कानपूरची नव्हे, आमच्या कोल्हापूरची. माझी सगळी शाळा या गावात झाली, तरी त्याने सांगेपर्यंत मला हे नीट ठाऊक नव्हतं याचं मला फार वाईट वाटलं. ३१ जुलै १८५७च्या रात्री, ऐन पावसाळ्यात, इथली २७वी मुंबई नेटिव्ह इन्फंट्री, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची देशी शिपायांची पलटण, उठली. पुढे होता रामजी शिरसाट. शिपायांनी खजिना लुटला, पण शहरात शिरायला गेले तर दरवाजे बंद. काही जण घाट उतरून कोकणाकडे गेले. काही शहराजवळच्या एका पागेत शिरले आणि आतून दारं लावून बसले. साताऱ्याहून लेफ्टनंट केर सदर्न मराठा इरेग्युलर हॉर्सचे स्वार घेऊन दौडत आला, स्वारांना घोड्यावरून उतरवलं, पागेचं दार फोडलं. आतले मेले, जखमी झाले किंवा धरले गेले. केरला त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळालं. दार फोडताना त्याच्या खांद्याला खांदा लावून होता गणपतराव देवकर. म्हणजे दाराच्या आतही मराठी बोलणारे होते आणि बाहेरही.

पटकथेत पुढचं असं होतं की पागेतले मेलेले शिपाई रात्री उठतात.

मी आधी नाही म्हटलं. स्पष्ट सांगितलं, "अरे, ज्यांना आपण हुतात्मा म्हणतो त्यांना तू माणसं चावायला लावणार? त्यांच्या तोंडाला मी रक्त फासायचं? माझ्याच्यानं व्हायचं नाही." साताऱ्याला गेंडामाळावर ८ सप्टेंबर १८५७ला सतरा जणांना मारलं, त्यांच्या स्मारकाशी मी लहानपणी वडिलांचं बोट धरून उभी राहिले आहे. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. कोल्हापुरातही काहींना तोफेच्या तोंडी दिलं होतं. तोफेच्या तोंडी दिलेल्या माणसाचं मागे काही उरत नाही. अग्नी कशाला देणार, अस्थी कुठून गोळा करणार? ती शिक्षा त्याचसाठी होती, जिवंतांनी बघावी आणि मेल्यावरही आपल्याला गती नाही हे त्यांच्या मनात बसावं.

पोरगं शहाणं होतं. त्याने वाद घातला नाही, दुसऱ्या दिवशी घरी आलं, चहा घेतला आणि मला हैतीची गोष्ट सांगितली. झाँबी हा शब्दच तिकडून आला. फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत होते. त्यांनी १७९१ला उठाव केला आणि १८०४ला देश स्वतंत्र करून घेतला. त्या माणसांच्या समजुतीतला झाँबी कुणाला चावत नाही. तो मेल्यावरही मालकाच्या हुकमात राहिलेला माणूस. गुलामाला मरणातच काय ती सुटका, आणि झाँबीला तीही नाही. चावणारी, मांस खाणारी मढी नंतरची, १९६८च्या अमेरिकन सिनेमापासून रुळलेली.

"आपले शिपाई तसे उठतात, ताई," तो म्हणाला. "कंपनीने शिकवलेली कवायत त्यांना मेल्यावरही सोडत नाही. कुणाच्या अंगावर जात नाहीत. हुकूम आल्यासारखे रांगेत उभे राहतात."

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला आणि मी हो म्हटलं.

पहिली चाचणी मी फार वाईट केली. मोबाइलवर बघून बघून केली, हे खरं कारण. तालमीतला एक पोरगा समोर बसवला, लिक्विड लॅटेक्सचे, म्हणजे पातळ रबराचे, थर दिले, मध्ये टिश्यू पेपर आणि कापूस, वरून हिरवट करडा रंग, फाटलेला गाल, बाहेर आलेले दात. दोन तास चाळीस मिनिटं लागली. लॅटेक्सच्या अमोनियाने पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. झाल्यावर सगळ्यांनी "जबरदस्त" म्हटलं, फोटो काढले. तेवढ्यात त्याची आई डबा घेऊन आली. खोलीत तीन पोरं होती. ती दारात थांबून म्हणाली, "आमचा कुठं हाय?" तो तिच्यासमोर तीन हातांवर बसला होता.

बाकीचे हसले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. शत्रूच्या बाजूचं एखादं भूत असतं तर ठीक. पण हे शिपाई कुणाचे तरी होते, आणि पटकथेचा सगळा जीव त्यातच होता की पागेतला एकटा जिवंत राहिलेला पोरसवदा शिपाई त्यांना ओळखतो. आईला ओळखू येत नसेल तर त्याला कसं येणार? सकाळी उठून मी सगळे थर टाकून दिले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, मेलेला माणूस ओळखू आला पाहिजे.

मग मी शिकायला निघाले. न्यायवैद्यक शिकवणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी मला दोन संध्याकाळी दिल्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आपल्या सावळ्या कातडीवर मरण पांढरं दिसत नाही, हिरवं तर पहिल्या रात्री मुळीच नाही. आधी तेज जातं. ओठांवर जांभळी झाक येते, नखं आणि कानाच्या पाळ्या राखेसारख्या होतात. रक्त फिरायचं थांबलं की ते जमिनीकडच्या अंगाला साकळतं. पालथा पडलेला असेल तर तोंडावर आणि छातीवर जांभळे पट्टे येतात, आणि जिथे हाड जमिनीला टेकलेलं असतं तेवढा भाग फिका राहतो. म्हणजे माणूस उठून उभा राहिला तरी तो कसा पडला होता हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं.

एवढं कळल्यावर मी दिग्दर्शकाकडून चौदाही जणांचं मरण मागून घेतलं. कोण कुठे पडला, कशाने, उताणा की कुशीवर. घोड्यावरून उतरलेले स्वार म्हणजे तलवार आली. तलवारीचा वार चुकवायला माणूस हात वर करतो, म्हणून तिघांच्या मनगटाच्या वर आडवे घाव. दारामागे जोर लावून उभा असलेला एक जण फळीखाली सापडलेला, त्याच्या अंगावर रक्त जवळजवळ नाही, फक्त छाती एका बाजूला दबलेली, ती मी कोटाच्या आत उशीचे तुकडे उलटे भरून दाखवली. ठासणीच्या बंदुकीची गोळी मऊ शिशाची, लागली की पसरते आणि हाड फोडते. त्या जखमा मी जिलेटिन आणि ग्लिसरिनच्या केल्या. त्यांचा त्रास एकच, जूनच्या उकाड्यात दिव्यांखाली त्या वितळतात. त्यामुळे बर्फाच्या पेटीत ठेवून शॉटच्या दहा मिनिटं आधी लावायच्या.

रक्ताचं म्हणाल तर ते मी घरीच केलं. लक्ष्मीपुरीतून लिक्विड ग्लुकोज आणलं, त्यात खायचा लाल रंग, कोको पावडर आणि थेंबभर निळा. दिसायला अगदी खरं. पण गोड. पहिल्या रात्री जमिनीवर पडून राहिलेल्या पोरांना मुंग्या लागल्या आणि एकानेही शॉट संपेपर्यंत अंग हलवलं नाही. दुसऱ्या रात्रीपासून मी प्रत्येकाच्या चटईभोवती हळदीची रेघ ओढली.

कोटांनी मला आणखी एक धडा दिला. वर लाल कोट आणि खाली धोतर असा वेष ठरला होता, त्या काळी उठलेले कितीतरी शिपाई असेच लढले. कोट शिवले एका बँडवाल्यांच्या शिंप्याने. लग्नाच्या बँडचे कोट म्हणजे पलटणीच्या कोटांचेच पणतू, त्यामुळे त्याला कॉलर, कफ, बटणांची ओळ काही समजावून सांगावं लागलं नाही. पण लाल कोटावर रक्त दिसतच नाही. पावसात भिजला की कोट काळपट होतो आणि माझी मेहनत गेलीच. शेवटी सगळं रक्त मी छातीवरून जाणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांवर घेतलं. काळपट कोट, त्यावर आडवेतिडवे दोन पांढरे पट्टे आणि एका पट्ट्यावर हाताएवढा डाग. एवढंच. पडद्यावर ते बघवत नाही.

माझी एक चूकही सांगते. एका पोराची मनगटाला लॅटेक्स लावून बघायची चाचणी मी घाईत राहू दिली. तासाभरात त्याचा गाल सुजला. डॉक्टरकडे नेलं, औषध घेतलं, दोन दिवसांत उतरलं. त्याने तक्रार केली नाही, पण मी त्याच्या आईला जाऊन भेटले आणि माफी मागितली. तेव्हापासून माझ्याकडून कुणाचीही चाचणी राहिलेली नाही. या कामाला उतरणाऱ्या नव्या पोरींना मी आधी हेच सांगते.

कवायत शिकवायला शिरोळ तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार यायचे. मराठा लाइट इन्फंट्रीत आयुष्य गेलेलं. ठासणीची बंदूक त्यांनी स्वतः चालवली नव्हती, पण जुन्या कवायतीची चित्रं बघून त्यांनी एकेक हालचाल बसवली. बंदूक उभी धर. हात पेटीकडे, काडतूस काढ. काडतुसाचा कागद दाताने फाड. दारू नळीत ओत. गोळी आणि कागद वर सार. गज काढ, ठास, गज परत. तयार शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा, म्हणजे एका बाराला वीस सेकंद. तालमीच्या आखाड्यात लाल मातीवर चौदा पोरं हातात काठ्या घेऊन हे करायची आणि सुभेदार वीस मोजायचे.

एका संध्याकाळी मी विचारलं, "बापू, मेल्यावर हे आठवेल का हो?"

ते म्हणाले, "निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली मला. अजून कुणी मागनं जोरात हाक मारली की टाचा आपोआप जुळत्यात. आठवायला कुठं लागतंय? हातात असतंय ते."

त्याच दिवशी मी डॉक्टरबाईंनी सांगितलेली एक गोष्ट त्यांना बोलता बोलता सांगितली. मेल्यावर अंग ताठरायला दोन-तीन तासांत सुरुवात होते, आणि पापण्या आणि जबडा आधी धरतात. सगळं अंग ताठरायला बारा तास लागतात, दीड दिवसात पुन्हा सैल पडतं. म्हणजे पहिल्या रात्री उठलेल्या माणसाचे हात अजून चालतील, पण तोंड उघडणार नाही.

सुभेदार माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग काडतूस फाडणार कशानं?"

आम्ही तिघं, दिग्दर्शक, सुभेदार आणि मी, गप्प झालो. मग दिग्दर्शकाने एका पोराला उभं केलं आणि सांगितलं, जबडा घट्ट मिटून सगळं कर, हातात बंदूक नाही असं समजून. पोराने हात कमरेच्या पेटीकडे नेला, रिकामी मूठ तोंडाशी आणली. दातांना ती लागली. तोंड उघडेना. क्षणभर तसाच थांबला. हात खाली गेला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. पेटी, मूठ, दात. पेटी, मूठ, दात.

ज्या काडतुसाला दात लावण्यावरून उत्तरेत वणवा पेटला, तिथेच ही मेलेली माणसं अडून बसली होती. पटकथेतले चार प्रसंग त्या रात्री त्याने फाडून टाकले. पागेत चौदा जण रांगेत उभे आहेत, पाऊस पडतोय, आणि सगळ्यांच्या मुठी एकाच वेळी मिटलेल्या तोंडाशी येताहेत, एवढंच ठेवलं. माझंही काम बदललं. जबडा दिसायला हवा, त्यामुळे गालावर थर नको, जखम नको. फक्त जबड्याच्या सांध्याखाली एक गडद रेघ आणि ओठ आत ओढलेले.

राहिला शेवट. जिवंत राहिलेला पोरगा त्यांना नावाने हाक मारतो आणि ज्याला हाक पोचते तो हात खाली सोडून आडवा होतो, असं होतं. पण नावं कुठली? त्या पागेत मेलेल्यांची नावं आमच्या हाती नव्हती, आणि बनवून घालायला मन घेईना. तेव्हा ठरलं की प्रत्येकाने आपल्या घरातलं ठाऊक असलेलं सगळ्यात जुनं नाव आणायचं.

पोरं घरी गेली आणि बहुतेक जण पणजोबापाशी अडकले. साहजिक आहे, श्राद्धातही तीनच पिढ्यांची नावं घेतात. १८५७ म्हणजे सहा-सात पिढ्या मागे. कुणी गावच्या थोरल्या घरी गेलं, कुणी चुलत आजीला फोन लावला. दोघांच्या घरी हेळवी येत असे. बैलावर बसून येणारा, वही उघडून कुळाची सगळी पुरुषपरंपरा म्हणून दाखवणारा, सुपात धान्य घेऊन पुढच्या दाराला जाणारा. त्या दोघांनी त्याला शोधून काढला आणि सात पिढ्यांची नावं कागदावर उतरवून आणली. एकाने मला तो कागद दाखवला. शेवटच्या नावावर बोट ठेवून म्हणाला, "ताई, ह्यो माणूस असंल बघा त्या टायमाला जिवंत. मला आजपतूर म्हाईतच नव्हतं."

माझ्या सासूबाईंनी हे सगळं ऐकून एवढंच विचारलं, की घात चतुर्दशीला त्यांच्या नावाने कुणी पान वाढतं का. पितृपक्षातली ती तिथी शस्त्राने मेलेल्यांची. मी म्हटलं, ठाऊक नाही. त्या वर्षी त्यांनी आमच्या घरच्या नैवेद्याशेजारी एक पान जास्त वाढलं, कुणाचंही नाव न घेता.

चौदाव्या पोराने नाव आणलं नाही. तो शिरोळकडचा, नदीकाठचा. आजोबांनी एका वहीत वरची सगळी नावं लिहून ठेवली होती, ती २०१९च्या महापुरात पेटीसकट गेली. आजोबा त्याआधीच वारलेले. बाकीच्यांनी त्याला आपल्या घरातली नावं देऊ केली. तो म्हणाला, "नको. मला जे म्हाईत न्हाई तेच नाव हाय ह्येचं. दुसरं घालून काय उपेग?"

चित्रीकरण पन्हाळ्याच्या बाजूला एका गावात, जुन्या वाड्याच्या पडक्या पागेत झालं. चौदा जणांना मी पुढची, मधली, मागची अशा तीन फळ्यांत वाटलं. पुढच्यांना पस्तीस मिनिटं, मागच्यांना दहा. पहिले तीन दिवस टँकर आणि फवाऱ्याने पाऊस पाडला. चौथ्या रात्री, शेवटच्या प्रसंगाला, खरा आला. पाणी पत्र्यावर असं वाजत होतं की ओरडून सांगितलेलंही ऐकू येईना. मी म्हटलं, रंग टिकणार नाही, थांबूया. कॅमेरावाले मामा म्हणाले, "ताई, असा पाऊस पुन्हा मिळायचा न्हाई."

सुरू केलं. हाका सुरू झाल्या. एकेक नाव त्या पावसात जात होतं आणि एकेक हात खाली येत होता. हेळव्याच्या वहीतलं नाव आलं तेव्हा तो पोरगा नुसता पडला नाही. आधी मान वर करून त्याने आवाजाकडे पाहिलं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तेरा जण आडवे झाले. हाक मारणारा चौदाव्यासमोर उभा राहिला. त्याने तोंड उघडलं, पण बोलायला काही नव्हतं.

चौदावा उभाच. पेटी, मूठ, दात. पेटी, मूठ, दात. पाणी त्याच्या कपाळावरून उतरत होतं आणि माझी राख, माझी जांभळी झाक, जबड्याखालची रेघ सगळं घेऊन चाललं होतं. आतून त्याची खरी, जिवंत, सावळी कातडी वर येत होती. रंग उतरतोय म्हणून मी सवयीने स्पंज घेऊन पुढे सरकले. दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं, हाताने काही खूण केली नाही. मी तिथेच थांबले. मामांनी कॅमेरा बंद केला नाही.